मिग-21 च्या कॉकपिटमधले साडेतीन महिने

2025 च्या 26 सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला. त्या दिवशी मी रजा टाकून सांगलीत विश्रामबागेत मामांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. मामांची सगळी नोकरी ओझरला एचएएलमध्ये गेली. नाशिकजवळचा तो कारखाना 1964 साली मिगसाठीच उभा राहिला. मामा 1981 ला तिथे फिटर म्हणून लागले तेव्हा मिग-21 बिस हा प्रकार तिथे बांधला जात होता, आणि पुढची काही वर्षं त्यांचे हात त्याच विमानाच्या कॉकपिटमध्ये होते. टीव्हीवर विमानं उतरली, मामा काही बोलले नाहीत. चहा गार झाला. मग एकदम म्हणाले, "तुझ्याकडं मिगचं एक खोकं होतं की रे. केलंस का ते?"

केलं नव्हतं. एडुआर्ड या झेक कंपनीचं मिग-21 बिसचं 1/48 किट, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाएवढं, सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं मॉडेल, माझ्याकडे बरीच वर्षं पडून होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा आमच्या खालच्या कपाटातली सात किटं गेली. प्लास्टिकला पाण्याने काही होत नाही, पण खोक्यांचा लगदा झाला आणि डिकल्सचे, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचे, कागद एकमेकांना चिकटून बसले. मिगचं खोकं माळ्यावर होतं म्हणून राहिलं. तेव्हापासून ते उघडायचं म्हटलं की हात मागे यायचा. एवढं वाचलेलं किट करायचं तर सगळी जमवाजमव करूनच, असं मनात होतं. मामांनी विचारलं त्या संध्याकाळी घरी येऊन खोकं खाली काढलं.

जमवाजमव म्हणजे डिटेल सेट, किटमधल्या ढोबळ भागांच्या जागी बसवायला वेगळे मिळणारे बारीक भाग. किटचं प्लास्टिक धातूच्या साच्यात दाबाने भरलेलं असतं. साचा सरळ उघडला की भाग सुटून बाहेर पडायला हवा, त्यामुळे आत वळलेल्या खाचा, केसाएवढ्या कडा, सैल लोंबणारे पट्टे त्यात येतच नाहीत. मी कुपवाडला एमआयडीसीत क्वालिटीला आहे, रोज कास्टिंग हातात असतं, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. साच्यात जे येत नाही ते दुसऱ्या रीतीने करून देणारे लोक आहेत. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने नक्षी उमटवायची आणि नको तेवढा पत्रा रसायनाने खाऊन टाकायचा, हा झाला फोटोएच. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पोरं फेरिक क्लोराईडमध्ये सर्किटची पाटी काढतात, त्यातलाच प्रकार. रेझिन ओततात ते रबराच्या साच्यात. साचाच वाकतो, म्हणून आतल्या खाचेसकट भाग सुटतो. आणि आता जे नवे सेट येतात त्यात थ्रीडी प्रिंटचं प्रमाण वाढत चाललंय, त्याला तर साचाच लागत नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मामांकडे गेलो. एकट्या मिग-21 साठी बाजारात किती सेट असावेत! चाकं, चाकांच्या खोबणी, एक्झॉस्ट, क्षेपणास्त्रं, टाक्या, पायलटची शिडी. मामा चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो डोळ्यांजवळ घेऊन बघत होते. एका सेटवर बोट ठेवून म्हणाले, "हे एमएफचं पॅनल हाय, आपलं नव्हं." मी वर्णन वाचलं, खरंच एमएफचं होतं, मिग-21 च्याच दुसऱ्या प्रकाराचं. नंतर सुधारलेल्या बायसन या प्रकाराचा विषय निघाला तर त्यांनी मान हलवली. त्याची समोरची काच वेगळी, आतली मांडणी वेगळी. त्यांना हवं होतं ते त्यांच्या हाताखालून गेलेलं बिस.

शेवटी पाच वस्तू ठरल्या: ओतीव रेझिनचं कॉकपिट, प्रिंट केलेली केएम-1 सीट (संकटात पायलटला बाहेर फेकणारी), उठावाच्या डिकल्सचं पॅनल, कॅनॉपीचे, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाचे, रंगकामाचे मास्क आणि पितळेची पिटो, म्हणजे हवेचा वेग मोजायची नाकावरची नळी. खोबणीचा सेट मी दोनदा यादीत घातला आणि दोनदा काढला. खोबणीतलं पाइपांचं जाळं फार सुंदर दिसतं, पण मॉडेल एकदा कपाटात उभं राहिलं की तिथे कुणाची नजर जात नाही. कॉकपिटमध्ये मात्र बघणारा सगळ्यात आधी वाकून बघतो. सेटमधला प्रत्येक तुकडा वापरलाच पाहिजे असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. डोळे आणि हात दिवसाला तास-दीड तासच नीट चालतात, ते कुठे खर्चायचे हे आधी ठरवलेलं बरं.

पार्सल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. कस्टम धरून सेटची किंमत किटच्या पुढे गेली होती. बायकोने पाकीट हातात घेऊन वजन बघितलं आणि "अहो, एवढंसंच?" म्हणाली. एवढंसंच होतं. 1/48 मध्ये आठ सेंटिमीटरची डायल पावणेदोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. खऱ्या विमानाचे पंख 7.15 मीटर पसरतात, मॉडेलचे 15 सेंटिमीटरला किंचित कमी. सीट माझ्या अंगठ्याच्या पेरावर उभी राहत होती, आणि तरीही तिच्या पाठीमागच्या नळ्या भिंगाशिवाय मोजता येत होत्या.

सेट बसवायचा म्हणजे आधी तोडायचं. हे नव्याने करणाऱ्याला जड जातं, मलाही पहिल्या दोन मॉडेलांच्या वेळी गेलं होतं. कंपनीने मेहनतीने घडवलेलं पॅनल, बाजूच्या भिंतीवरचे उठाव, सीट अडकवायचे खुंट सगळं तासून सपाट करायचं. त्यासाठी मी मिरजेतून सर्जिकल ब्लेड आणतो, 11 नंबरचं, 3 नंबरच्या मुठीला बसणारं. एवढी हॉस्पिटलं असलेल्या गावात ते मिळणारच, आणि छंदाच्या दुकानातल्या चाकूपेक्षा ते स्वस्तही आहे आणि धारही सरस. सोनारी करवत आणि बारीक चिमटे सराफ कट्ट्यावरून घेतलेले आहेत, ते दहा वर्षं चालतायत.

रेझिनचे भाग एका जाड ठोकळ्याला चिकटून येतात. ओतताना रस त्याच वाटेने साच्यात शिरतो. तो ठोकळा कापून काढायचा आणि तळ सपाट घासायचा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: रेझिन कोरडं घासू नका. त्याची धूळ इतकी बारीक असते की ती खोलवर छातीत जाते. मी ताटलीत पाणी घेऊन त्यात पॉलिश पेपर बुडवून घासतो, तोंडाला मास्क, खाली ओलं फडकं, आणि पोरं घरात असतील तर ते काम त्या दिवशी नाहीच. प्रिंट केलेल्या भागांची तऱ्हा वेगळी. ते बारीक काड्यांच्या मांडवात उभे असतात. काडी भागालगत तोडली की भागाचाच टवका निघतो, कारण हे रेझिन काचेसारखं कडक असतं. काडी आधी मधोमध तोडायची आणि उरलेला खुंट घासून काढायचा. सीट सोडवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

मग आला सगळ्यात लांबलेला टप्पा, धड मिटवण्याचा. रेझिनचं टब, म्हणजे कॉकपिटचा वरून उघडा खोका, किटच्या टबपेक्षा माझ्या व्हर्नियरवर 0.8 मिलिमीटर रुंद भरलं. बाजूच्या भिंतीही स्वतंत्र तुकड्यात होत्या, त्यांची जाडी वेगळी. दोन्ही अर्धुकं टेप लावून मिटवली तर पाठीवर नखाएवढी फट. ही फट पुट्टीने बुजवणारे लोक आहेत. पण मग धड रुंद होतं, पुढे समोरची काच बसत नाही, मागे पाठीचा कणा बसत नाही, आणि एक चूक झाकायला पाच ठिकाणी भर घालत बसावं लागतं. फट आतूनच काढायला हवी.

मिरजेत सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे, घोडीची जवारी काढण्यात त्याचा हात मुरलेला. त्याच्याकडे बसून मी ते काम बघितलंय. कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हलका हात. एक हात जास्त पडला की सूर गेलाच. त्याने मला एक झिजलेली अर्धगोल कानस दिली होती, तीच मी धडाच्या आतून फिरवली. मला सूर ऐकू येणार नव्हता, म्हणून मी प्रकाश वापरला. टेबलावरचा दिवा बाहेरून धरायचा आणि आतून बघायचं. प्लास्टिक जसं पातळ होतं तसा उजेड आत झिरपायला लागतो. जिथे उजेड पांढरट दिसला तिथे थांबायचं. घासा, धुवा, टब ठेवा, टेप लावा, बघा, टेप काढा. वहीत मी रेघा मारत होतो, धड एकूण एकतीस वेळा मिटवलं. एकतिसाव्या वेळी टेपशिवाय नुसत्या बोटांच्या दाबाने दोन्ही कडा टेकल्या. घड्याळात अकरा वाजले होते, मी मामांना फोन केला. ते जागे होते.

रंगाचा प्रश्न मामांनीच सोडवला. मिगच्या कॉकपिटचा निळसर हिरवा रंग जगभर प्रसिद्ध आहे, त्याच्या तयार बाटल्याही मिळतात, पण दोन कंपन्यांच्या दोन बाटल्या एकमेकींशी जुळत नाहीत. मी प्लास्टिकच्या चमच्यांवर सात छटा मारून नेल्या. मामा म्हणाले, "गच्चीवर चल, ट्यूबच्या उजेडात काय कळायचं न्हाई." उन्हात त्यांनी चमचे पत्त्यांसारखे हातात धरले. "सरकारी दवाखान्यात भिंतीला खालून असतो बघ, तसा. पण त्यात निळं जास्त पायजे." पाचवा चमचा त्यांनी बाजूला काढला, आणि मग थोडा वेळ तो परत ठेवलाच नाही.

पॅनलवर मी सगळ्यात जास्त अडखळलो. रेझिनच्या सेटमध्ये स्वतःचं पॅनल होतं, डायली कोरलेल्या, रंगवायचं काम माझं. मी ते रंगवलं, काळा, मग पांढऱ्याची कोरडी कुंचली. हाताच्या अंतरावरून चांगलं दिसत होतं. भिंगातून बघितलं तर काटे नव्हते, नुसते ठिपके. तेवढ्यासाठीच उठावाची डिकल्स घेतली होती. ती पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची असतात, पण डायलच्या कडा, बटणं, स्विच खरोखर वर आलेले असतात आणि काचेच्या जागी चमकदार थेंब असतो. अडचण अशी की ही डिकल्स किटच्या प्लास्टिक पॅनलच्या मापाने केलेली होती आणि माझ्याकडे आता रेझिनचं पॅनल होतं, अर्धा मिलिमीटर अरुंद. ही गोष्ट सेट घेताना लक्षात ठेवायला हवी: दोन सेट एकाच किटचे असले म्हणून ते एकमेकांचे असतीलच असं नाही.

कापायला हवं होतं, पण कुठे? मी पॅनलचा मोठा फोटो छापून मामांपुढे ठेवला. मधोमध वरून खाली जाणाऱ्या पांढऱ्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं. "हिला हात लावायचा न्हाई." मी या रेषेबद्दल वाचलं होतं, पण मामांनी ती सांगितली तशी कुठे वाचली नव्हती. विमान स्पिनमध्ये गेलं, गरगरायला लागलं की पायलटला विमान वळवायचा दांडा मधोमध आहे का नाही हे अंगाला कळत नाही. तेव्हा दांडा त्या रेषेवर धरायचा, म्हणजे तो मध्ये आहे याची खात्री. "आम्ही ती रेषा तपासायचो तवा डोक्यात एकच असायचं, ही ज्याला लागेल त्याच्याजवळ दुसरं बघायला वेळ नसणार," ते म्हणाले.

मी दोन्ही बाजूंच्या कडांवरून पाव-पाव मिलिमीटर काढला. रेष अखंड राहिली. रेझिनचं पॅनल घासून सपाट केलं, डिकलच्या स्वतःच्या गोंदावर भरवसा न ठेवता पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल लावला आणि चिमट्याने तुकडे ठेवले. फेव्हिकॉल सुकायला वेळ देतो, त्यामुळे सरकवता येतं. शेवटचा तुकडा बसला तेव्हा मी खोलीतला पंखाही बंद करून बसलो होतो.

सीटचे पट्टे रंगवून आलेले होते, पोलादाच्या पातळ पत्र्याचे. साधा पितळी फोटोएच असता तर मी तो गॅसच्या ज्योतीवर क्षणभर धरून मऊ केला असता, म्हणजे तो कापडासारखा वळतो. रंगवलेल्याला ज्योत लावली की रंग जळतो, म्हणून हे पट्टे टूथपिकवर गुंडाळून हळूहळू वळवले आणि सीटवर सैल टाकले, जसे पायलट उतरून गेल्यावर पडतील.

जानेवारीत माझ्या हातून एक चूक झाली. कॅनॉपीच्या आतल्या चौकटीवर फोटोएचचे बारीक तुकडे लावायचे होते. ते मी सुपरग्लूने लावले, आणि धूळ बसू नये म्हणून कॅनॉपी झाकणाच्या डबीत ठेवून झोपलो. सकाळी डबी उघडली तर काचेवर दुधासारखी साय. सुपरग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की काचेवर पांढरी बसते, हे मला माहीत होतं आणि तरीही मी डबी बंद केली होती. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी सुती कापडावर पांढरी टूथपेस्ट घेऊन घासत बसलो, गोल गोल, पाण्याने धुवत. तीन दिवसांत साय गेली. मग काच स्वच्छ अॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून उलटी वाळवली, तेव्हा ती पहिल्यापेक्षा निर्मळ झाली. आता काचेजवळ मी फक्त फेव्हिकॉल वापरतो.

पंख, शेपूट, पुट्टी, प्रायमर, बाहेरचा रंग यात जानेवारी संपला. ते काम नेहमीचंच, त्यात सांगण्यासारखं फार नाही. मास्क मात्र पैसे वसूल करतात. कॅनॉपीच्या चौकटींच्या मापाने आधीच कापलेले कागदी तुकडे काचेवर चिकटवायचे, रंग मारायचा, काढायचे. हाताने टेप कापून तशी सरळ कड मला कधीच मिळाली नाही. केशरी, पांढऱ्या, हिरव्या वर्तुळांची डिकल्स बसवताना पोरगी शेजारी येऊन बसली, तिला मी पंखावरचं एक लावायला दिलं. हिरवं आत, केशरी बाहेर, हे तिने आधी दोनदा विचारून घेतलं.

पिटो नळी शेवटी लावायची. किटमधली प्लास्टिकची नळी जाड असते आणि पुसताना कपड्यात अडकून मोडते. सेटमधली पितळेची, लेथवर काढलेली, टोकाकडे इतकी निमुळती की कारखान्यातल्या माझ्या टर्नरने ती बघून "हे कुठल्या मशीनवर काढलं?" असं विचारलं. बिसची पिटो नाकाच्या वर, पण मधोमध नाही, उजवीकडे सरकलेली असते. 0.5 मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडलं, बोटांनी फिरवत, आणि ती सरळ आहे का हे बघायला समोरून, वरून, बाजूने फोटो काढले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मॉडेल चपलांच्या खोक्यात कापूस घालून विश्रामबागेत नेलं. मामांनी ते टीपॉयवर ठेवायला सांगितलं, खिडकीचा पडदा सरकवला आणि मोबाइलची टॉर्च लावून उघड्या कॅनॉपीतून आत बघितलं. कॅनॉपी उजवीकडे उघडलेली, तशीच उघडते ती. बराच वेळ त्यांनी डोकं वर केलं नाही. मामी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेल्या. मग ते कोणत्या बाजूला त्यांचा सहकारी उभा राहायचा, उन्हाळ्यात आत किती तापायचं, पॅनलच्या मागे हात घालताना मनगटाला कुठे खरचटायचं, हे सांगत राहिले. मी त्यांच्याकडून हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. टॉर्चच्या उजेडात ती पांढरी रेष वरून खाली नीट दिसत होती.

जेवून उठल्यावर ते पुन्हा मॉडेलपाशी आले आणि पिटोकडे बघत म्हणाले, "जमिनीवर उभं हाय ना हे? मग हिचं लाल कव्हर कुठाय? उघडी ठिवली तर किडा, माती शिरल. हँगरमधनं बाहेर काढताना पयलं ते बघायचो आम्ही."

माझ्याकडच्या पाचही सेटांत ते नव्हतं. घरी आल्यावर टिश्यू पेपरचा दीड सेंटिमीटरचा तुकडा पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून सुईवर गुंडाळला, सुकल्यावर काढला, लाल रंगवला आणि खाली बारीकशी पट्टी लोंबती ठेवली. ती पिटोवर नुसती सरकवलेली आहे, चिकटवलेली नाही. मामा आले की ते काढतात, बाजूला ठेवतात, आणि निघताना पुन्हा घालून जातात.